नकलेची नक्कल

प्रस्तावना

आपल्याकडे कुठलाही छोटा की-बोर्ड म्हणजे 'कॅसिओ'. कंपनी कोणतीही असो, पोराला 'कॅसिओच्या क्लासला' घातलेलं असतं आणि गॅदरिंगला कुणीतरी 'कॅसिओवर' असतंच. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसंच हे. आमच्या घरी आलेला पहिला कॅसिओ जत्रेतला होता, बिननावाचा. लाल प्लास्टिक, चार पेन्सिल सेल, आणि पियानो, ऑर्गन, व्हायोलिन, बासरी अशी चार बटणं. आजोबा पेटी वाजवायचे. त्यांनी बासरीचं बटण दाबून भूप वाजवून पाहिला आणि म्हणाले, "बासरीला सर्दी झालीय." एवढं म्हणून त्यांनी ते खेळणं खाली ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. जेवायला दोनदा हाका मारल्या तरी आजोबा त्या सर्दी झालेल्या बासरीवर भूपच वाजवत बसले होते.

हे पुस्तक त्या सर्दीबद्दल आहे.

नेमकं सांगायचं तर, खेळण्यातल्या स्वस्त की-बोर्डांचे आवाज टिपायचे, कापायचे, तासायचे आणि जुन्या घरगुती संगणकांच्या रीतीनं त्यांतून संगीत रचायचं, हा याचा विषय. विषय चिमूटभर वाटतो. पण चिमटीत धरून ओढला की त्यामागोमाग जपानमधले कॅल्क्युलेटर, जमैकातले रेगेवाले, एक जर्मन प्रोग्रॅमर आणि उत्तर युरोपातली रात्ररात्र जागणारी पोरं अशी वरात निघते. मराठीत हे सगळं एका जागी मांडलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. 'सॅम्पल' हा शब्दही नवा असलेला वाचक समोर धरून ती लिहिली आहे. जाणकारांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद ओलांडून गेलं तरी काही बिघडणार नाही.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो ठरावीक अंतरानं मोजून आकड्यांत लिहून ठेवला, की झालं सॅम्पलिंग. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच. फक्त इथे शितं सेकंदाला हजारोंनी उचलायची. किती वेळा मोजलं आणि प्रत्येक वेळी किती बारकाईनं मोजलं, यावर सगळं ठरतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापं असतात आणि प्रत्येक माप १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. कॅसिओनं १९८५ मध्ये एसके-१ नावाचा ३२ बारक्या पट्ट्यांचा की-बोर्ड काढला. त्याला चक्क मायक्रोफोन होता. सेकंदाला सुमारे ९,३८० मापं, माप ८ बिटांचं, म्हणजे २५६ पायऱ्या, आणि एकूण वेळ १.४ सेकंद. सगळे मिळून तेरा हजारांच्या आसपास आकडे. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत याच्या शेकडोपट माहिती असते.

सेकंदाला जितकी मापं घ्याल, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं हाती लागतात, असा यातला नियम आहे. एसके-१ची वेस म्हणूनच ४,७०० हर्ट्झच्या जरा आत पडते. 'स' या अक्षराची शीळ बहुतेक त्या वेशीबाहेर असते. त्यामुळे त्याच्यासमोर 'सा' लावला तर परत येतो तो 'था' आणि 'फा' यांच्या अधलामधला काहीतरी. सप्तकाची सुरुवातच बोबडी! आणि टिपलेला आवाज वाजतो कसा, तर तेच आकडे वरच्या पट्टीवर भराभर आणि खालच्या पट्टीवर सावकाश वाचले जातात. एक सप्तक वर गेलात की आवाज दुप्पट उंच आणि लांबीला निम्मा होतो. म्हातारा चिमणीसारखा चिवचिवतो, दोन सप्तकं खाली घराचा कुत्रा सिंह होतो. पोरांना यात फार गंमत वाटते, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही.

ही करामत कॅसिओच्या डोक्यातून निघालेली नव्हे. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर टिपून त्यांची रचना बांधली. साठच्या दशकात इंग्लंडात मेलोट्रॉन आलं. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबून धरली की तो आठेक सेकंद वाजे आणि मग संपे. १९७९ मध्ये सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय हे संगणकी वाद्य आणलं. त्याची किंमत एखाद्या घराएवढी. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ई-म्यूचा इम्युलेटर आला, त्याची किंमत मोटारीएवढी. आणि पुढच्या चार वर्षांत तीच गोष्ट खेळण्यांच्या दुकानात येऊन बसली. सुरुवातीचा फेअरलाइटही ८ बिटांचाच होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'खेळणं' हा शब्द पुष्कळदा आवाजाला नव्हे, किमतीला लावलेला असतो.

कॅसिओचा प्रवास मुळात बेरीज-वजाबाकीतून आलेला. १९५७ मध्ये या कंपनीनं रिलेवर चालणारा १४-ए हा टेबलाएवढा गणकयंत्र-संच काढला होता. पहिला कॅसिओटोन की-बोर्ड १९८० चा. त्यानंतर लगेच आलेला व्हीएल-१ तर अर्धा कॅल्क्युलेटर आणि अर्धा सिंथेसायझर होता. बटणांसारख्या पट्ट्यांवर गाणंही वाजवा आणि किराणामालाचा हिशोबही करा. जर्मनीतल्या 'ट्रिओ' या त्रिकुटानं १९८२ मध्ये 'दा दा दा' हे गाणं त्याच्याच टिकटिक तालावर उभं केलं आणि ते युरोपभर गाजलं. त्याहून मोठी गोष्ट जमैकात घडली. एमटी-४० या कॅसिओत 'रॉक' नावाचा एक तयार ताल होता. तो बसवला होता कंपनीत नुकत्याच लागलेल्या, रेगेच्या अभ्यासक हिरोको ओकुडा यांनी. तो ताल १९८५ मध्ये किंगस्टनमध्ये वेन स्मिथ आणि किंग जॅमी यांच्या हाती लागला, त्यांनी त्याची लय उतरवली आणि 'अंडर मी स्लेंग टेंग' तयार झालं. जमैकाचं संगीत त्यानंतर संगणकी झालं ते झालंच. एका जपानी मुलीनं रेगे ऐकून रॉकच्या नावाखाली काहीतरी केलं, आणि ते रेगेच्या माहेरी जाऊन नवीन रेगे म्हणून नांदलं. ही या पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

अशी गोष्ट आपल्या दारातही घडलेली आहे, फक्त आपण तिच्याकडे त्या नजरेनं पाहत नाही. नागोयात १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या कळा आणि तारा यांचा संकर करून ताइशोगोतो हे स्वस्त वाद्य बनवलं. घरी बसून चार गाणी वाजवावीत, एवढाच त्याचा उद्देश. ते हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं, मुंबईत आणि कोकणात त्याला पिकअप आणि भोंगे लागले, आणि गणपतीच्या मिरवणुकीत ते 'बेंजो' या तिसऱ्याच वाद्याच्या नावानं वाजू लागलं. अमेरिकन बँजोशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण लालबागच्या गर्दीत उभं राहून कुणी म्हणून दाखवावं की हा खोटा बँजो आहे!

मला या सगळ्यातून जे म्हणायचं आहे ते इथे सांगून टाकतो. खेळण्यातला की-बोर्ड पियानोची नक्कल करायला जातो आणि त्याला ती जमत नाही. ती फसलेली नक्कल आपण टिपली, आणखी मोडक्या यंत्रात भरली, की ती नकलेची नक्कल होते. आणि या दुसऱ्या पायरीवर पियानो विसरला जातो. ऐकणाऱ्याला 'हा वाईट पियानो' असं वाटायचं थांबतं आणि 'हा कुठला आवाज?' असं वाटू लागतं. सॅम्पलिंगची खरी कमाई ही आहे. अस्सल वाद्याचा हुबेहूब आवाज मिळवणं हे तिचं दुय्यम काम आहे, आणि मला विचाराल तर कंटाळवाणंही.

आता संगणकांकडे. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये बॉब यॅनिस यांनी घडवलेली सिड नावाची ध्वनी-चिप होती. तिला तीन स्वर एका वेळी काढता येत. सॅम्पल वाजवण्याची सोय तिच्यात ठेवलेलीच नव्हती. पण तिच्या आवाजाच्या लहानमोठेपणाची कळ, जी सोळा पायऱ्यांची होती, ती सेकंदाला हजारो वेळा हलवली तर आतल्या एका विद्युत्-दोषामुळे टकटक ऐकू येई. पोरांनी त्या टकटकीतूनच ढोल वाजवले आणि माणसं बोलवली. पुढे कंपनीनं चिप सुधारली, तो दोष बऱ्यापैकी काढून टाकला, आणि जुन्या खेळांमधले ढोल नव्या यंत्रांवर जवळजवळ ऐकू येईनासे झाले. मग लोकांनी एक रोधक डकवून तो दोष परत आणला. दुरुस्तीची दुरुस्ती करून बिघाड मिळवायचा, हा प्रकार या क्षेत्रात पुन्हा पुन्हा भेटेल.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे जे 'व्हिडिओ गेम' आले, ते बव्हंशी जपानच्या फॅमिकॉम या खेळयंत्राच्या नकला होत्या. म्हणजे ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅसेटवर फुंकर मारून मारिओ खेळला, त्यांचे कान या संगीतावर आधीच तयार झालेले आहेत. त्या यंत्रात चार साधे स्वर आणि पाचवा एक सॅम्पलचा कोपरा होता. तिथे प्रत्येक मापासाठी फक्त एक बिट. पुढचा आकडा आधीच्यापेक्षा वर जातो की खाली, एवढंच लिहायचं. मारिओच्या तिसऱ्या भागातले ढोल या कोपऱ्यातून येतात. 'जर्नी टू सिलियस' या १९९० च्या खेळात सनसॉफ्टच्या मंडळींनी तिथे बेस गिटारचे सूर कोंबले. ते ऐकून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

पण सॅम्पलवाल्यांचं पंढरपूर म्हणजे अमिगा. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या या संगणकातली पॉला नावाची चिप एका वेळी चार सॅम्पलं, ८ बिटांची, वेगवेगळ्या वेगानं वाजवू शके. दोन डाव्या कानात, दोन उजव्या. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रॅमरनं खेळांचं संगीत रचण्यासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' हा प्रोग्रॅम लिहिला. विकायला काढला तेव्हा तो फारसा चालला नाही. पण इतरांनी तो उकलला, सुधारला, वाटला. त्यातून नॉइजट्रॅकर आणि प्रोट्रॅकर आले, पुढे पीसीवर स्क्रीमट्रॅकर, फास्टट्रॅकर, इम्पल्स ट्रॅकर. आज चालणारे ओपनएमपीटी आणि मिल्कीट्रॅकर हे त्याच कुळातले, आणि फुकट.

ट्रॅकरचा पडदा पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. पाच रेषा नाहीत, काळे-पांढरे ठिपके नाहीत. नुसत्या आकड्या-अक्षरांच्या उभ्या ओळी वरून खाली सरकत असतात. पण ज्यानं तबल्याचे बोल वहीत मात्रा पाडून लिहिले आहेत, त्याला हे परकं वाटायचं कारण नाही. एका पानात ६४ ओळी. ओळीला एक मात्रा धरली तर तीनतालाची बरोबर चार आवर्तनं. झपताल हवा असेल तर चाळिसाव्या ओळीवर 'पान तोड' अशी एक आज्ञा लिहायची, रूपकाला छप्पन्नाव्या. युरोपातली बहुतेक मंडळी ६४ ची चौकट देवाज्ञा असल्यासारखी पाळतात. आपल्याला ती मोडण्याची सवय आधीपासूनच आहे, आणि याचा फायदा मराठी रचनाकारांनी अजून घेतलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

या फायलींचा आणखी एक गुण पुढच्या सगळ्या संस्कृतीला कारण झाला. अमिगाच्या 'मॉड' फायलीत स्वरलिपीबरोबर सगळी सॅम्पलंही असतात. पाककृती मागितली तर मसाल्याचा डबाही सोबत. कुणाचंही गाणं उघडा, प्रत्येक ओळ वाचा, त्यातला ढोल आवडला तर उचला. सॅम्पलाच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा आणि सॅम्पलं ३१ पर्यंत. लोक तिथे नावं न लिहिता मित्रांना निरोप लिहीत. ओबार्स्कीच्या ट्रॅकरबरोबर फिरलेल्या एसटी-०१ या तबकडीतले आवाज इतक्या गाण्यांत वाजले की ते आता लोकसंगीतासारखे निनावी झाले आहेत. या मंडळींचे मेळे भरतात, आणि त्यांच्या या सगळ्या जगाला डेमोसीन म्हणतात. फिनलंडनं २०२० मध्ये आणि जर्मनीनं २०२१ मध्ये ही परंपरा आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली.

घराणी म्हणाल तर इथेही आहेत, आणि घराणी आली की भांडणं आलीच. एक घराणं शुद्धतावाद्यांचं: संगीत मूळ यंत्रावरच वाजलं पाहिजे, आणि शक्यतो चिपनं स्वतः काढलेल्या लाटांवर, सॅम्पल म्हणजे पळवाट. गेमबॉय या हातातल्या खेळयंत्रावर एलएसडीजे किंवा नॅनोलूप हे संगीताचे प्रोग्रॅम चालवणारे बरेच जण या बाजूला झुकतात, जरी एलएसडीजेत सॅम्पलांची सोय आहे. दुसरं ट्रॅकरवाल्यांचं, ज्यांच्या मते चोरून आणलेला, घासलेला, कापलेला आवाज हाच खरा कच्चा माल. तिसरे सर्किट बेंडिंगवाले: खेळण्याचं पोट फाडायचं, आतल्या दोन टोकांना तार लावायची आणि ते किंचाळेल तसं वाजवायचं. अमेरिकेतले रीड गझाला साठच्या दशकात एका उघड्या पडलेल्या ॲम्प्लिफायरच्या शॉर्टसर्किटवरून या नादाला लागले, आणि या प्रकाराला नावही त्यांनीच दिलं. चौथे संग्रहवाले. ते एका एका की-बोर्डची प्रत्येक पट्टी, प्रत्येक बटण, २४ बिटांत टिपून ठेवतात, अगदी पट्टी सोडतानाची खटही. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार, पण त्यांचे संच वाजवताना मला काचेच्या कपाटातली खेळणी पाहिल्यासारखं होतं. मी स्वतः दुसऱ्या घराण्यातला. पुस्तकात तो पक्षपात दिसेल, आणि तो लपवलेला नाही.

ही सगळी तात्त्विक भांडणं एका सुराशी येऊन थांबतात, म्हणून एक सूर जवळून पाहू. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी घेतलेला, नाव खरवडून गेलेला एक की-बोर्ड माझ्यापुढे आहे. आत काळ्या राळेच्या थेंबाखाली झाकलेली एकच चिप. आवाज बाहेर काढायला भोकच नाही, म्हणून त्याच्या कपाएवढ्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरावा लागतो. अडाप्टर लावला तर विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण आत येते, म्हणून सेल. सेल नवे असतील तर सूर चढा, उतरले असतील तर अर्धा स्वर खाली, कारण अशा खेळण्यांचं घड्याळ सेलच्या दाबावर डुलतं. मी दोन्ही टिपतो. उतरलेल्या सेलवरचा 'व्हायोलिन' हा माझ्याकडचा सगळ्यात उदास आवाज आहे, आणि तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

मग कापाकापी. पट्टीची खट ठेवायची की काढायची? ठेवायची; तीच त्या सुराची ठोकर. पुढे सूर स्थिर होतो तिथे लूप लावायची, म्हणजे तेवढा तुकडा फिरून फिरून वाजेल. तुकड्याचा शेवट आणि सुरुवात एका उंचीवर जुळली नाही तर प्रत्येक फेऱ्याला 'टक्' येतो. हा सांधा जुळवण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. आपल्याकडच्या गायकांना हे वेगळं सांगायला नको. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रोज रियाज करणाऱ्याला त्यातला फेरा कुठे पुन्हा सुरू होतो ते नेमकं ठाऊक असतं, आणि एकदा ठाऊक झालं की ते विसरता येत नाही. तुकडा लहान करत करत एका लाटेवर आलात, तर हिशोब असा बसतो: युरोपीय अमिगावर मधल्या सप्तकाचा सा समजल्या जाणाऱ्या जागी सेकंदाला साधारण ८,२८७ आकडे वाचले जातात. लाट ३२ आकड्यांत बसवली तर ती सेकंदाला सुमारे २५९ वेळा फिरते, म्हणजे पियानोवरच्या मधल्या सी-च्या अगदी शेजारी. बत्तीस आकडे! एवढ्यात आजोबांची सर्दी झालेली बासरी मावते. सर्दीसकट मावते का, हे मात्र कानानंच ठरवावं लागतं. माझ्या अनुभवात ३२ आकड्यांत सर्दी अर्धी जाते आणि ६४ मध्ये राहते.

हे आता का करायचं, असा प्रश्न माझ्या मुलीनं विचारला. संगणकाला 'ऐंशीच्या दशकातल्या खेळासारखं गाणं दे' म्हटलं की तो अर्ध्या मिनिटात देतो, हे तिचं म्हणणं. देतो, आणि ते वाईटही नसतं. पण त्यात कुठल्याच की-बोर्डचे सेल उतरलेले नसतात. तो सरासरीची नक्कल करतो. फसलेल्या एका विशिष्ट नकलेची नाही. दुसरं कारण जास्त रोकडं आहे. ही यंत्रं मरत आहेत. पट्ट्यांखालचे रबरी संपर्क कडक होतात, कपॅसिटर पाझरतात, सेलचा कप्पा गंजतो. मोठ्या वाद्यांची काळजी घ्यायला संग्रहालयं आहेत. जत्रेतल्या लाल की-बोर्डला कोण विचारतो? त्यावर मॉडेल नंबरसुद्धा नसतो. तो भंगारात गेला की त्याचा आवाज कायमचा गेला, आणि टिपून ठेवायला लागतात ते एक दुपार आणि एक मोबाइल. तिसरं कारण शिकवण्याचं आहे. ध्वनी म्हणजे काय, मापन म्हणजे काय, मर्यादा कुठे येते, हे आठवीच्या पोराला समीकरणांनी शिकवण्यापेक्षा त्याच्याकडून 'सा' चा 'था' करवून घ्यावा. एकदा हसलं की ते पोर नियम विसरत नाही.

हक्कांविषयी दोन शब्द टाळता येत नाहीत. की-बोर्डवर तुम्ही स्वतः दाबलेला एक सूर टिपणं आणि त्याच्या डेमो बटणातून वाजणारं अख्खं गाणं उचलणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. गाण्याला रचनाकार असतो, खेळण्यातल्या गाण्यालाही. स्लेंग टेंगच्या वेळी जे खपून गेलं ते प्रत्येक वेळी खपेल असं नाही. या पुस्तकासाठी केलेल्या रचनांत म्हणूनच तयार धून एकही नाही. सगळे सूर एकेक करून टिपलेले आहेत.

पुस्तक काय आहे आणि काय नाही हे सांगायचं राहिलं. ही खरेदीची मार्गदर्शिका नाही. एसके-१ आता हौशी लोकांनी महाग करून ठेवला आहे, आणि तो नसेल तर काही अडत नाही. हे संगीताचं क्रमिक पुस्तकही नाही. स्वरज्ञान ज्यांना आहे त्यांना काही प्रकरणं सोपी जातील, पण ज्यांना नाही त्यांनी आकडे वाचत पुढे जावं. ट्रॅकरवर रचना करणाऱ्या अनेकांना पाच रेषांची स्वरलिपी येत नव्हती. मी एवढंच केलं आहे: हाताला लागलेली खेळणी एकामागून एक टेबलावर घेतली, त्यांनी काय सोंग आणलं होतं आणि ते कुठे फसलं हे कान देऊन ऐकलं, आणि त्या फसण्यातून एकेक छोटी रचना बांधली. कुठे चुकलो तेही तिथेच लिहिलं आहे. एका ठिकाणी तर सगळं प्रकरणच चुकीच्या वेगानं टिपलेल्या सॅम्पलांवर उभं आहे, आणि दुरुस्त केल्यावर रचना इतकी सपक झाली की मी चूक परत ठेवली.

शास्त्रीय संगीतातल्या काही मित्रांनी मसुदा वाचून विचारलं की बावीस श्रुतींचा देश असताना २५६ पायऱ्यांच्या यंत्रावर इतका जीव का टाकायचा. त्यांच्यासाठी माझ्याकडे युक्तिवाद नाही. पेटीलाही एके काळी हेच ऐकावं लागलं होतं आणि आकाशवाणीनं तिला अनेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, एवढी आठवण फक्त करून देतो. आजोबांची पेटी आमच्याकडे आहे. लाल की-बोर्ड नाही. कुणीतरी साफसफाईत टाकला. बासरीचा तो आवाज मी गेली काही वर्षं वेगवेगळ्या खेळण्यांत शोधतो आहे, जवळ पोचतो, आणि तो नसतो.

तेव्हा वाचकाला एकच विनंती. पुस्तक वाचायला घेण्याआधी माळ्यावर चढा आणि असलं एखादं खेळणं पडलं असेल तर खाली काढा. लगेच चालू करू नका. आधी सेलचा कप्पा उघडा, आतले जुने सेल काढून टाका, स्प्रिंगवरची हिरवी-पांढरी पूड कोरड्या ब्रशनं झाडा, मग नवे सेल घाला. आणि पहिली पट्टी दाबण्याआधी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून ठेवा. कधी कधी ते एकदाच वाजतं.